पायाची रक्तवाहिनी तुंबल्यास : ऑपरेशन कोणाला किती लाभते?



लागणीच्या नोंदी व तोडणीच्या कार्यक्रमासाठी आमच्या खात्याची माणसे जुन्नर व आंबेगावच्या शिवारात फिरत असतात. तेव्हा बांधावर एक प्रश्न कानी येतो : "डॉक्टर म्हणतात, पायाची नळी बंद झालीय, बायपास करा. केला तर पाय वाचंल का?" कित्येक घरांत या एका प्रश्नावर जमीन गहाण टाकण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून या वेळी खतपाण्याऐवजी हा विषय घेतला आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. निर्णय डॉक्टरांचाच, पण त्यांना काय विचारावे हे आपल्याला ठाऊक हवे.

पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या नळीत चरबीचा थर साचला की वाट अरुंद होते. बायपासमध्ये तुंबलेल्या भागाला वळसा घालून नवी नळी जोडतात. बहुधा रोग्याच्याच पायातली शीर त्यासाठी वापरतात. फ्रान्सचे सर्जन कुनलिन यांनी १९४८ साली ही रीत पायासाठी वापरली. दुसरा उपाय म्हणजे आतून फुगा घालून वाट रुंद करणे. आपल्या पाइपलाइनचेच उदाहरण घ्या. मधला तुंबलेला तुकडा बदलला, पण पुढच्या चाऱ्याच गाळाने भरलेल्या असतील तर सरीत पाणी पोचणार कसे? पायाचेही तसेच आहे. म्हणून एकाच ऑपरेशनचे फळ निरनिराळ्या रोग्यांत निरनिराळे मिळते.

१) चालताना पोटरी भरून येणारे वयस्क : थोडे चालले की पोटरी दुखते, उभे राहिले की थांबते. अशांना ऑपरेशनची घाई नसते. पाच वर्षांत पाय गमावण्याची वेळ शंभरात दोन-चार जणांवरच येते. तंबाखू बंद, गोळ्या नियमित आणि आठवड्यातून तीन वेळा, दुखेपर्यंत चालून थांबत-थांबत अर्धा-पाऊण तास चालणे, असे किमान तीन महिने केल्यास बहुतेकांना गुण येतो. यांना खरा धोका हृदयाचा असतो, कारण तोच थर तिथेही साचतो. मात्र रात्री पडल्यापडल्या पाय ठणकू लागला किंवा जखम भरेना, तर थांबू नये.

२) विडी ओढणारे तरुण : चाळिशीच्या आतबाहेर बोटे काळी पडू लागतात. १९०८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. बर्गर यांनी वर्णन केलेला हा रोग. यात पाऊल व पोटरीतल्या बारीक नळ्याच बंद होतात, म्हणजे पुढच्या चाऱ्याच बुजलेल्या. नवी नळी जोडायला जागा नसल्याने बायपास बहुधा करता येत नाही, केला तरी टिकणे अवघड. खरे औषध एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला दोन विड्यासुद्धा रोग चालू ठेवतात. ज्यांनी पूर्ण सोडली त्यांच्यावर पाय कापण्याची पाळी क्वचितच येते. मळून खाण्याची तंबाखू आणि घरातली मिश्री हीसुद्धा सोडायची.

३) मधुमेही : यांची तऱ्हा फसवी. पाय बधिर असल्याने दुखत नाही. तोडणीनंतर बुडखा रुततो, जखम चिघळते आणि माणूस हळद लावून कामाला जातो. गुडघ्याखालच्या नळ्या जास्त बिघडतात. वेळेवर रक्त पोचवले तर यांचाही पाय वाचतो. परंतु ऑपरेशनच्या वेळी हृदयविकाराचा झटका, जखम पिकणे व मूत्रपिंडावर ताण हे धोके इतरांपेक्षा अधिक. डायलिसिस चालू असलेल्यांना धोका सर्वांत जास्त. मधुमेह्यांनी पाचटात अनवाणी जाऊ नये, पाय गरम पाण्याने शेकू नयेत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत.

४) अचानक पाय गार पडणे : पाय एकदम पांढरा, गार, बधिर झाला, हलेना, तर गुठळी अडकलेली असू शकते. साधारण सहा तासांत ती काढली तर पाय वाचण्याची आशा मोठी. उशीर झाला तर पाय तर जातोच, जिवावरही बेतते. मंचरहून पुणे साठ किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या घरात, पश्चिमेच्या गावांहून त्याहून लांब. चोळण्यात, लेप लावण्यात तास घालवू नयेत.

फुगा बरा की बायपास? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ज्यांची स्वतःची शीर चांगली होती, त्यांना बायपास अधिक लाभला. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत गुडघ्याखालच्या नळ्या बंद असलेल्यांना आधी फुगा घालणे सरस ठरले. को ८६०३२ सुद्धा सगळ्याच जमिनीत सारखा उतारा देत नाही, तसाच हा प्रकार.

तेव्हा डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. ऑपरेशन पाय वाचवण्यासाठी आहे की चालणे सुधारण्यासाठी? तुंबलेल्या जागेच्या पुढच्या नळ्या उघड्या आहेत का? हृदय व मूत्रपिंड तपासले का? जोडण्यासाठी स्वतःची शीर चांगली आहे का? आणि जमीन गहाण टाकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

ऑपरेशनने नवी वाट मिळते. पण तंबाखू व साखर तशीच राहिली, तर तीही वाट पुन्हा बुजते. ती उघडी ठेवणे रोग्याच्या व घरच्यांच्या हाती आहे.

— ऊस विकास अधिकारी