एक तारीख, मध्यरात्रीनंतर

सकाळी सव्वासहा. टिटवाळ्याहून सुटलेली लोकल असेल तर आंबिवलीला बसायला मिळण्याची आशा असते. कसारा-आसनगावहून भरून आलेली असेल तर ठाण्यापर्यंत उभंच. समोरच्या प्लॅटफॉर्मवर उतरणाऱ्यांत भिवंडीच्या गोदामांतून रात्रपाळी उरकून आलेली पोरं असतात. आंबिवलीजवळच्या मोहोन्यातली एनआरसी कंपनी 2009 साली बंद पडल्यावर इथल्या अनेकांना कामासाठी गावाबाहेरच पाहावं लागलं. या पोरांनी रात्री स्कॅन केलेली पार्सलं दिवसा माझ्या स्क्रीनवर ओळी होऊन येतात. ठाण्याला गाडी बदलायची, ट्रान्स हार्बरने ऐरोली.

साडेआठ. आमची कंपनी पार्सलं घरपोच करते आणि मी त्यांचा हिशेब लावते. आज महिनाअखेरीचा अहवाल द्यायचा आहे. चालू डेटाबेसवर मोठी क्वेरी टाकायची नाही, हा इथला पहिला नियम. माझी क्वेरी चालत असताना गोदामात स्कॅनर धरून उभ्या असलेल्या माणसाचं काम अडू शकतं. म्हणून आम्हाला रात्री घेतलेली प्रत मिळते. डेटाबेस पोस्टग्रेसचा, त्यातून आलेला निकाल मी पायथनमधल्या पँडाजच्या टेबलात, म्हणजे डेटाफ्रेममध्ये उतरवते. पँडाज लिहायला वेस मॅकिनी यांनी 2008 साली सुरुवात केली आणि आज हे काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा हात त्यावर बसलेला आहे.

महिन्याचा सगळा निकाल एकदम मागवला तर मशीनची मेमरी भरते, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी घ्यायचा. नव्या मुलांना मी आवर्जून सांगते की नुसता चंकसाइझ, म्हणजे एका तुकड्यात किती ओळी, एवढं सांगून भागत नाही. निकाल कुठवर वाचला हे धरणारा कर्सर सर्व्हरच्या बाजूला ठेवला नाही तर डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर अख्खा निकाल आधी आपल्या मशीनवर ओढतो आणि मग त्याचे तुकडे पाडून देतो. मेमरी तेवढीच जाते.

साडेनऊ. आता कॉलमांचे टाइप तपासायचे, म्हणजे कुठला कॉलम पूर्णांक, कुठला दशांश, कुठला मजकूर. या कामातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच, असं माझं ठाम मत आहे. क्वेरी चुकली तर डेटाबेस ओरडतो. निकाल टेबलात उतरताना बिघडला तर कोणीच काही बोलत नाही. पिनकोडचा कॉलम घ्या. डेटाबेसात तो पूर्णांक आहे आणि एका पार्सलचा पिनकोड भरायचा राहिला आहे. त्या एका रिकाम्या जागेपायी पँडाज अख्खा कॉलम दशांशात नेतं आणि कल्याणचं 421301 हे 421301.0 होतं. पुढे त्याचा मजकूर करून पिनकोडच्या यादीशी जुळवायला गेलं की एकही ओळ जुळत नाही.

तिथे निदान दिसतं तरी. 18 अंकी पार्सल नंबर याच वाटेने गेला तर शेवटचे अंकच बदलतात, कारण दशांश साठवण्याची ही पद्धत सुमारे 16 अंकांपर्यंतच पूर्णांक अचूक धरतो. नंबर तसाच लांबलचक दिसतो, फक्त तो आता दुसऱ्याच कोणाच्या पार्सलचा असू शकतो. म्हणून पार्सल नंबर, पिनकोड, मोबाइल हे सगळं क्वेरीतच मजकूर करून घ्यायचं. ज्याची बेरीज करायची नाही त्याला आकडा मानायचं नाही.

अकरा. भिवंडीहून सुपरवायझर दादांचा फोन. ‘मॅडम, ती गाडी आमच्या गेट रजिस्टरला एक तारखेला आहे. रात्री सव्वा वाजता आत घेतली, माझी सही आहे. तुमच्या शीटमध्ये ती मागच्या महिन्यात कशी?’

प्रश्न बारीक नाही. ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल महिन्यावर निघतं. मी ती ओळ उघडली. डेटाबेसात वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली आहे, भारताच्या साडेपाच तास मागे. एक तारखेच्या रात्रीचा सव्वा तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे पावणेआठ आहे. क्वेरीत वेळेवरून थेट तारीख काढलेली होती. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातलं प्रत्येक स्कॅन एक दिवस मागे जात होतं. महिन्याच्या मधल्या दिवसांत हे एकूण बेरजेत लपून जातं, एक तारखेला उघडं पडतं. आधी वेळ आशिया-कोलकाता या भारतीय वेळेच्या पट्ट्यात आणायची आणि मग तारीख काढायची, एवढीच दुरुस्ती. पण महिन्याची दोन्ही टोकं पुन्हा मागवावी लागली. रात्रपाळीचा हिशेब आणखी वेगळा, कारण मध्यरात्री तारीख बदलली तरी पाळी तीच असते. तिच्यासाठी पाळीचा स्वतंत्र कॉलम ठेवला आहे.

दीड. डबा.

अडीच. पार्सलांच्या टेबलाला डिलिव्हरीचं टेबल जोडायचं. घराला कुलूप असलं की डिलिव्हरीचा पोरगा दुसऱ्या दिवशी परत जातो, म्हणजे एका पार्सलच्या दोन ओळी होतात, आणि जोडणीनंतर त्याची रोख रक्कमही दोनदा मोजली जाते. मी जोडताना पँडाजला बजावते की दोन्हीकडे एकास एकच ओळ असली पाहिजे. नसेल तर ते तिथेच थांबतं. मग प्रत्येक पार्सलची शेवटची फेरी तेवढी ठेवायची आणि पुन्हा जोडायचं.

गावांच्या नावांवरून गट पाडणं मी सोडून दिलं आहे. आमच्या आंबिवलीखेरीज अंधेरी पश्चिमेला आंबिवली आहे, कर्जत तालुक्यात लेण्यांची आंबिवली आहे. तिन्हींची पार्सलं एका ओळीत आली तर त्या बेरजेला काही अर्थ राहत नाही. 1972 साली सुरू झालेला पिनकोड इथे उपयोगी पडतो.

चार. साहेबांना सगळं एक्सेलमध्ये हवं असतं. सारांश मी देते, मूळ ओळी देत नाही. एक्सेलच्या एका शीटवर 10,48,576 ओळी मावतात, जुन्या साच्याच्या फाइलीत 65,536. इंग्लंडमध्ये 2020 साली त्या जुन्या साच्यामुळे 15,841 कोरोनाबाधित वेळेवर मोजणीत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांना सावध करायला उशीर झाला. म्हणून फाइल पाठवण्याआधी मी डेटाबेसात ओळी मोजते, टेबलात मोजते, मग शीटमध्ये मोजते. तिन्ही आकडे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिते.

सहा. दुरुस्त शीट भिवंडीला गेली. दादांनी रजिस्टर समोर ठेवून एक तारखेच्या गाड्या फोनवर एकेक करून वाचल्या, मी टिकमार्क करत गेले. सव्वाची गाडी जागेवर आली. दोन गाड्या मात्र रजिस्टरला आहेत आणि स्कॅनमध्ये नाहीतच. ‘त्या रात्री एक स्कॅनर बंद होता,’ दादा म्हणाले, ‘उद्या कागदावरची नोंद पाठवतो.’ त्या दोन ओळी मी रिकाम्या ठेवल्या. शून्य भरलं नाही.