प्रतिध्वनी आपल्या खोलीतला, त्रास पलीकडच्यांना

देहूरोड - जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. चाकण, तळवडे, आकुर्डी या पट्ट्यातील कारखान्यांच्या बैठकखोल्यांतून परदेशस्थ सहकाऱ्यांशी बोलणी सुरू करण्यास सोयीची हीच वेळ. 'आमचाच आवाज आम्हाला परत ऐकू येतो आहे' ही पलीकडची तक्रार अशा बैठकांत नवी नाही. यंत्रभागाच्या मोजमापाविषयी बोलणे चालू असताना आकडा 'फिफ्टीन' होता की 'फिफ्टी', हे नीट कळले नाही तर चूक थेट उत्पादनापर्यंत पोहोचू शकते.

या दोषाचे वैशिष्ट्य असे, की तो ज्याच्या खोलीत असतो त्याला ऐकू येत नाही. पलीकडच्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, काचेच्या भिंती आणि गुळगुळीत टेबल यांवर आपटून आपल्याच माईकमध्ये शिरतो आणि मूळ बोलणाऱ्याकडे परततो. आपल्याकडे सारे सुरळीत भासते आणि खापर इंटरनेटवर फुटते. इंटरनेटचा दोष एवढाच, की ते विलंब वाढविते. सुमारे २५ मिलिसेकंदांच्या आत परतलेला आपला आवाज कानाला फारसा वेगळा जाणवत नाही. त्याहून उशीर झाला की तो खटकू लागतो.

पुणे जिल्ह्याच्या दूरसंचार इतिहासाशीही या विलंबाचे नाते आहे. चाकणवरून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गाने पुढे गेल्यास नारायणगावजवळ आर्वी लागते. तेथे १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्गे आवाज पलीकडे पोहोचण्यासच पाव सेकंद लागतो आणि परतीला तेवढाच. दूरध्वनीतला प्रतिध्वनी तारांच्या जोडणीतून उद्भवे. एकजण बोलत असताना दुसऱ्याची वाट बंद करणारी साधने तेव्हा वापरात होती. मात्र दोघे एकदम बोलले की शब्द तुटत. यावरचा चांगला उपाय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निघाला. तेथील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनमोहन सोंधी यांनी स्वतःला जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनी-निवारकावरील निबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध केला.

आजच्या कॉन्फरन्स यंत्रणेचा पाया तोच आहे. स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाची एक प्रत यंत्रणा स्वतःजवळ ठेवते, खोलीत त्या आवाजाचे काय होते याचा सतत अंदाज बांधते आणि माईकच्या आवाजातून तेवढा भाग वजा करते. ही वजाबाकी आवाजाच्या पातळ्या योग्य असतील तरच जमते. स्पीकर फाटेपर्यंत मोठा केला, तर त्यातून मूळ प्रतीत नसलेला आवाज निघतो आणि यंत्रणेचा अंदाज कोलमडतो. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत, देहूरोडसारख्या ठिकाणी, हे सहज घडू शकते. अवजड वाहनांच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून कोणीतरी स्पीकर वाढवितो आणि खिडकी मात्र उघडीच राहते.

पातळी जुळविताना माईकपासून सुरुवात करावी. माईकपासून सर्वांत दूरच्या खुर्चीवर बसलेल्याने नेहमीच्या स्वरात बोलावे आणि मापकाची सुई उणे २० डेसिबलच्या आसपास येईल इतकाच माईक वाढवावा. जवळच्या माणसाने जोरात हसून पाहावे. लाल दिवा लागला तर पातळी चढी आहे असे समजावे. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे माईक वाढवीत बसण्यापेक्षा तो माणसाजवळ सरकविणे केव्हाही चांगले. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की खोलीचा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो. ज्याचे काम नाही तो माईक बंदच बरा.

त्यानंतर स्पीकर. श्रोत्याच्या खुर्चीपाशी ६५ ते ७० डेसिबल पुरेसे होतात; समोरासमोरचे संभाषण एक मीटरवर साठच्या आसपास असते. शेवटची कसोटी माईकपाशी घ्यावी. पलीकडचा आवाज स्पीकरमधून माईकपर्यंत पोहोचतो तो खोलीत बोलणाऱ्याच्या आवाजाहून मोठा असता कामा नये. मग खोलीत सर्वांनी गप्प राहून पलीकडच्याला बोलू द्यावे आणि त्यालाच विचारावे, कारण ऐकणारा तोच आहे. दोघांनी एकदम बोलूनही पाहावे.

येथवर सारे जमले तरी एक बटण घात करते. यंत्रणा आपली प्रत घेते त्याच्या पुढे असलेले, म्हणजे ॲम्प्लिफायरवरचे किंवा बाहेरून जोडलेल्या स्पीकरवरचे. ते फिरविले की यंत्रणेने शिकलेले सारे खोटे ठरते आणि नव्याने शिकेपर्यंत प्रतिध्वनी सुटतो. आवाज कमी-जास्त करायचाच तर तो यंत्रणेच्या स्वतःच्या नियंत्रणावरून करावा आणि मागचे बटण खूण करून चिकटपट्टीने झाकून ठेवावे. एकाच खोलीतील दोन लॅपटॉप एकाच बैठकीत आवाजासह जोडले असतील, तर या खटपटीचा उपयोग नाही. एकाच्या स्पीकरमधून निघालेला आवाज दुसऱ्याचा माईक उचलतो आणि त्या वेळेची नेमकी प्रत दुसऱ्याजवळ नसते. तेथे एका लॅपटॉपचा माईक व स्पीकर दोन्ही बंद करावे लागतात.