२१२५ सालचे पायदळ आणि त्याचा पखालजी

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघे नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत चार दिवस मुक्कामाला होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, पाऊस थांबेना आणि बरोबर नेलेले प्रयोगाचे सामान वापरता येईना. तेव्हा आठवीच्या मुलांना कोरे कागद देऊन आम्ही सांगितले, "शंभर वर्षांनंतरचे, म्हणजे २१२५ सालचे, जमिनीवरून लढणारे सैन्य कसे असेल त्याचे चित्र काढा. आणि त्यात कोण कोणाचे ऐकतो ते बाणांनी दाखवा."

युद्धाचा विषय वर्गात आणूच नये असे काही शिक्षकांना वाटेल. आम्हालाही थोडे तसे वाटत होते. पण बाणांची अट घातल्यामुळे चर्चा बंदुकांवरून लवकरच दुसरीकडे वळली, आणि ती आमच्या अपेक्षेपेक्षा बरीच लांब गेली.

बहुतेक चित्रे एकाच साच्याची होती. वर एक सेनापती, खाली शेकडो यंत्रमानव, आकाशात ड्रोन. आणि सेनापतीपासून प्रत्येक यंत्रमानवाकडे जाणारा एकेक बाण. मध्ये कोणीच नाही. आम्ही विचारले, "एकटा माणूस इतक्यांना कसे सांगणार?" उत्तर तयार होते : "सर, सगळ्यांच्या डोक्यात वायरलेस आहे!"

उत्तर मुळीच वाईट नाही. ते कुठे अपुरे पडते हे शब्दांनी सांगण्यापेक्षा करून पाहावे असे आम्ही ठरवले. पाऊस उघडल्यावर चाळीस मुले मैदानात नेली. एकाला सेनापती केले आणि सांगितले की या सर्वांना मैदानाच्या कडेने सारख्या अंतरावर उभे कर. तो एकेकाला जागा दाखवू लागला. एकाला सांगायला पाच सेकंद धरले तरी चाळिसांना २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. मग दहा-दहांच्या चार टोळ्या करून प्रत्येकीवर एक नाईक नेमला. आता सेनापतीने फक्त चार वाक्ये बोलायची : तू पिंपळाची बाजू घे, तू पाण्याच्या टाकीची, वगैरे. त्याला २० सेकंद लागतात. नंतर चारही नाईक एकाच वेळी आपापल्या दहांना जागा दाखवतात, त्याला ५० सेकंद. एकूण ७० सेकंद.

यात एक गोष्ट सहज निसटते. वेळ वाचला तो आवाज चार ठिकाणाहून आला म्हणून नव्हे. सेनापतीने प्रत्येकाची जागा ठरवण्याचे काम सोडून दिले, ते नाईकाने केले, म्हणून वाचला. सेनापतीला आता कोणता मुलगा नेमका कुठे उभा आहे हे माहीत नाही, आणि माहीत असण्याची गरजही नाही.

खरी गंमत उलट दिशेने झाली. प्रत्येकाने आपल्या समोर दिसणारी झाडे मोजायची आणि आकडा सेनापतीला सांगायचा. चाळीस जण एकदम ओरडले आणि सेनापती कानांवर हात ठेवून खाली बसला. वायरलेसने एक आज्ञा हजारांना पोचवता येते, पण हजारांचे बोलणे एका डोक्यात घालता येत नाही. यंत्राचा वेग वाढला तरी ऐकणाऱ्या माणसाचे अवधान तेवढेच राहते. नाईकांनी आपापल्या दहांची बेरीज करून चार आकडे आणून दिले तेव्हा काम झाले.

वर्गात परतल्यावर फळ्यावर थोडे गणित केले. एकाने एक हजार जणांना स्वतः सांगायचे तर दर माणशी पाच सेकंदांप्रमाणे ५००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १ तास २३ मिनिटे. दहाच्या उतरंडीने सांगायचे तर १० × १० × १०, म्हणजे तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला ५० सेकंद : एकूण अडीच मिनिटे. सैन्य दहापट करा, वेळ फक्त ५० सेकंदांनी वाढतो. लॉगॅरिथमचा अर्थ मुलांना न सांगता सांगण्याची ही चांगली जागा आहे.

मग प्रत्येकाच्या हाताखाली आणखी कमी माणसे, म्हणजे तीनच ठेवली तर? नाईकाचे काम सोपे होईल, पण पायऱ्या वाढतील. तीनाचा सहावा घात ७२९, सातवा २१८७. म्हणजे हजारांसाठी सात पायऱ्या. कानगोष्टींचा खेळ सर्वांनी खेळलेला असतो. दर पायरीला निरोप बरोबर पोचण्याची शक्यता १०० पैकी ९५ धरली, तर तीन पायऱ्यांनंतर ती ८६ उरते आणि सात पायऱ्यांनंतर ७०. म्हणून जगभरच्या सैन्यांत आज्ञा घेणाऱ्याने ती उलट म्हणून दाखवायची असा दंडक असतो. शाळेत सूचना देताना आम्ही तो वापरून पाहिला, उपयोग होतो.

हे गणित कोणी फळ्यावर मांडण्यापूर्वी लोकांनी अनुभवाने सोडवलेले होते. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे बखर लिहिली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या पायदळाची रचना आहे : दहा माणसांचा एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. दोन हवालदार धरले तर १० × ५ × २ × १० असे नेमके एक हजार होतात. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. गुणाकार केला तर हा 'हजारी' १२५० स्वारांचा निघतो आणि पाच हजाऱ्यांचा पंचहजारी ६२५० स्वारांचा. मुलांना ही तफावत फार आवडली.

परंतु आमच्या मते या रचनेतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. घोडदळाच्या दर पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. नालबंदाचा हिशोब करून पाहू. पंचवीस घोड्यांचे शंभर खूर. घोड्याचे नाल साधारणपणे सहा आठवड्यांनी बदलावे लागतात. म्हणजे ४२ दिवसांत १०० खूर, रोजचे दोन-तीन. सह्याद्रीच्या खडकाळ वाटांवर नाल याहून लवकर झिजणार आणि निखळणार, तेव्हा एका माणसाच्या हाताला हे पुरेपूर काम झाले. पंचवीस हा आकडा हवेतून आलेला नाही! पखालजीचा हिशोब मात्र वेगळा निघतो. घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी सहज पितो. पंचवीस घोड्यांना सातआठशे लिटर एक माणूस वाहून पुरवू शकणार नाही. घोडे नदीवर नेऊनच पाजावे लागणार. पखालीतले पाणी माणसांसाठी असावे असा आमचा तर्क आहे.

आता मुलांची चित्रे पुन्हा पाहिली. एकाही चित्रात पखालजी नव्हता, नालबंद नव्हता, स्वयंपाकी नव्हता, डॉक्टर नव्हता. मोठ्यांच्या विज्ञानकथांतही हेच होते. एच. जी. वेल्स यांनी १९०३ साली लोखंडी चिलखताच्या, जमिनीवर चालणाऱ्या युद्धनौका कल्पनेने रंगवल्या, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत खरे रणगाडे उतरले. त्या सकाळी त्यांतले अनेक रणगाडे बिघडून किंवा रुतून सुरुवातीच्या रेषेपर्यंतही पोचले नाहीत. यंत्राचे स्वप्न लवकर पडते, दुरुस्तीचे उशिरा.

मागच्या बाकावरची एक मुलगी पावरी बोलीत शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारणीने ते आम्हाला मराठीत सांगितले : "ती विचारते, एवढ्या यंत्रांना चार्जिंग कुठे करायचे?" दुपारपासून वीज नव्हती हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे मोल कळते.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. छोटा ड्रोन एका बॅटरीवर अर्धा तास उडतो आणि ती भरायला दीड तास लागतो असे धरू. एक ड्रोन सतत हवेत ठेवायचा तर एक बॅटरी उडणारी आणि तीन भरणाऱ्या, अशा चार लागतील. दहा ड्रोनच्या टोळीला चाळीस, त्यांतल्या तीस सतत भरत असलेल्या. एकेका बॅटरीत ७५ वॅट-तास ऊर्जा मावते असे धरले तर भरताना प्रत्येकीला ५० वॅट, तिसांना १५०० वॅट. म्हणजे एक-दोन इस्त्र्यांइतकेच. ऐकायला थोडे वाटते, पण दिवसरात्र चालू राहिले तर ३६ युनिट होतात. लहान पेट्रोल जनित्राला त्यासाठी १५ ते २० लिटर पेट्रोल रोज लागेल. ते सातपुड्याच्या वाटेने कोण आणणार? म्हणजे दहा उडत्या यंत्रांमागे एक खेचर आणि दोन माणसे आलीच. यंत्रमानवांच्या सैन्यात पखालजी पुन्हा हजर!

हे आता निव्वळ कल्पनेतलेही राहिलेले नाही. १५ जानेवारी २०२१ च्या सेनादिनाला दिल्लीत ७५ ड्रोनच्या थव्याचे प्रात्यक्षिक झाले. २६ जुलै २०२५ रोजी द्रास येथे लष्करप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोनच्या तुकड्या आणि 'रुद्र' नावाच्या नव्या संमिश्र ब्रिगेड उभारत असल्याचे जाहीर केले. आजच्या पायदळाची जुनी उतरंड अशी : साधारण दहा जणांचे सेक्शन, तीन सेक्शनचे प्लॅटून, तीन प्लॅटूनची कंपनी, चार रायफल कंपन्या व इतर मिळून सुमारे आठशेंची बटालियन. तळाशी दहा आणि वर तीन-चार असे का? दहा माणसे एकाच्या नजरेत आणि हाकेत राहतात. वर मात्र हाताखालचा प्रत्येक जण स्वतःच गुंतागुंतीचे काम सांभाळत असतो, त्यामुळे तीन-चारांतच अवधान संपते. शिवाय तीन असले की दोन पुढे आणि एक राखीव ठेवता येतो.

उतरंडीचा एक मोठा दोष आहे, आणि तो समजून घ्यायला या मुलांना आपल्याच मुलखाचा इतिहास पुरतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा आजचा नंदुरबार जिल्हा त्यातच होता. सातपुड्यात आणि आसपासच्या डोंगरांत भिल्लांच्या टोळ्या आपापल्या नाईकांच्या हाताखाली होत्या. हजारी नाही, सरनोबत नाही. एक नाईक पकडला तरी दुसऱ्याचे काही अडत नसे. शिस्तबद्ध फौजेला तोडण्यासाठी येथे मुळी शेंडाच सापडेना, आणि तिची माणसे डोंगरात हिवतापाने आजारी पडत. अखेर १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याला धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारायला सांगितले गेले. खानदेश भिल्ल कोअर ती हीच. त्याने डोंगरातल्याच तरुणांना गणवेश, पगार आणि कवायत दिली, आणि त्यांच्याच भाऊबंदांवर पहारा ठेवायला लावले. इंग्रजांच्या पुस्तकांत याचे कौतुकच आढळते. आम्हाला ते तितकेसे करवत नाही. पण सर्व काही मिटलेही नव्हते. इंग्रजांच्या नोकरीत राहिलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटले, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली. वर्गातल्या दोन मुलांना अंबापाणीचे नाव ठाऊक होते. पाठ्यपुस्तकातून नव्हे, घरातून.

थव्याच्या ड्रोनमागचा विचार काहीसा या सुट्या टोळ्यांसारखाच आहे. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्यांकडे पाहायचे आणि दोन-चार नियम पाळायचे. एक पडला तर बाकीचे जागा भरून काढतात. मुंग्यांची रांग असेच करते. मात्र थवा स्वतः ठरवू शकत नाही की आता थांबायचे. ते कोणी तरी सांगावे लागते, आणि त्या सांगण्याची जबाबदारी घ्यावी लागते.

शेवटी गावाकडे वळलो. आरोग्य सेवेचीही उतरंडच आहे. डोंगरी आदिवासी भागाचा निकष ३००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० ला एक सामुदायिक आरोग्य केंद्र असा आहे. भागाकार करा : सहा-सात आणि चार. सैन्यातलेच आकडे! सपाटीवर निकष ५०००, ३०,००० आणि १,२०,००० असा आहे. म्हणजे चढ-उतार काही प्रमाणात मोजलेला आहे. पण मोजली आहेत ती डोकी. नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर आजही बोटीने जावे लागते, आणि तीन हजार माणसे किती टेकड्यांवर पसरली आहेत हे त्या आकड्यात दिसत नाही. सपाटीवरची परिचारिका सकाळी दहा घरे करते, येथे तेवढ्या वेळात दोन पाडेही होत नाहीत. मुलांनी आपापल्या पाड्यापासून उपकेंद्रापर्यंत चालत लागणारा वेळ लिहून काढला. अर्ध्या तासापासून साडेतीन तासांपर्यंत आकडे आले. ओढ्याला पूर आला तर? तेव्हा खालच्या माणसाला वर न विचारता काय काय ठरवण्याची मुभा हवी, यावर मुले पाऊण तास भांडली. साप चावला, बाळंतीण अडली, औषध संपले, अशी यादीच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीने नवे चित्र आणून दिले. सेनापती कोपऱ्यात लहानसा होता. दर दहा यंत्रांमागे छत्री घेतलेला एक नाईक होता. सर्वांत मोठे काढले होते ते बॅटऱ्यांच्या गोण्या लादलेले खेचर, आणि त्याच्यापासून सेनापतीकडे जाणाऱ्या बाणाला दोन्ही बाजूंनी टोक होते.