प्रशिक्षण सभागृहातून वर्गात यायला हवं

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा मांडली. तास ठरले, पण ते घालवायचे कुठे, हा प्रश्न अजून मोकळाच आहे. आपल्याकडची रूढ वाट वरून खाली येते. राज्य पातळीवर तयार झालेले सुलभक जिल्ह्याला शिकवतात, तिथून तालुका, मग केंद्र. प्रत्येक पायरीवर आशय थोडा गळतो, आणि शेवटच्या शिक्षिकेपर्यंत पोचतात त्या बहुतेक स्लाइड आणि हजेरीपत्रक. भाषेच्या शिक्षकाला या पद्धतीचा विशेष तोटा होतो, कारण वाचायला शिकवताना येणारी अडचण समोरच्या मुलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही.

दुसरीतलं एखादं मूल ‘पावसाळा’ वाचताना ‘प-ला काना पा, व, स-ला काना सा, ळ-ला काना ळा’ असं अचूक म्हणतं आणि तिथेच थांबतं. शेवटच्या ‘ळा’पर्यंत पोचेस्तोवर पहिला ‘पा’ त्याच्या ध्यानातून निसटलेला असतो. त्याला अक्षरं येतात, वाचता येत नाही. अशा वेळी पुन्हा बाराखडी घोकून घ्यायची, की आधी पावसाळ्याबद्दल बोलून तो शब्द एका सोप्या वाक्यात समोर ठेवायचा? हा निर्णय त्या क्षणी घ्यावा लागतो. सामूहिक वाचनात तर अडचण झाकलीच जाते. बाई एक ओळ वाचतात, वर्ग सुरात मागून म्हणतो, शेवटच्या रांगेतली मुलंही म्हणतात, पण त्यांचं बोट भलत्याच ओळीवर असतं. फळ्यापाशी उभं राहून हे दिसत नाही. मागे मुलांमध्ये बसलेल्याला लगेच दिसतं. म्हणून वर्गात येऊन बसणारा, तास संपल्यावर शिक्षिकेशी बोलणारा जाणकार सोबती हा भाषाशिक्षकाच्या प्रशिक्षणाचा गाभा असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

याला चांगला आधार दक्षिण आफ्रिकेत सापडतो. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात सेत्स्वाना ही घरची भाषा असलेल्या मुलांच्या वाचनावर मोठा प्रयोग झाला. शाळांच्या दोन गटांना सारखेच पाठआराखडे आणि सारखीच श्रेणीबद्ध वाचनपुस्तकं मिळाली. एका गटातल्या शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटात मार्गदर्शक नियमितपणे वर्गात जात राहिले. दोन वर्षांनी वर्गभेटींच्या गटातल्या मुलांची प्रगती दुसऱ्या गटाच्या सुमारे दुप्पट भरली. मुलांचे छोटे गट करून, एकेकाचं वाचन ऐकण्याची कठीण पद्धतही याच गटात जास्त रुजली. साहित्य एकच होतं, म्हणजे फरक पडला तो सोबतीने.

मग हे काम फोनवर, ऑनलाइन का करू नये? खर्च वाचेल, दुर्गम शाळाही सुटणार नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचीही परीक्षा त्याच देशात, म्पुमलांगा प्रांतात, इंग्रजीच्या अध्यापनाबाबत झाली. तीन वर्षांअखेर प्रत्यक्ष भेटींमुळे मुलांचं बोलणं आणि वाचन दोन्ही सुधारलं. दुरून मिळालेल्या मार्गदर्शनाने बोलण्यात थोडी भर पडली, वाचनात पडली नाही. कारण उघड आहे: भलत्या ओळीवरचं बोट फोनवर दिसत नाही. वर्गभेटी महाग पडतात हे खरं, पण ज्या प्रशिक्षणाने वर्गात काही बदलत नाही, त्यावरचा स्वस्त खर्चही वायाच जातो.

महाराष्ट्रापुरता सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. वर्गात येणारा माणूस म्हणजे तपासणी, ही धास्ती शिक्षकांच्या मनात आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. आपल्याकडे या कामासाठी केंद्रप्रमुखाचं पद आहे, पण त्यांचा दिवस माहिती गोळा करण्यात आणि तक्ते भरण्यात जातो. वर्गात गेलेच तर शेरा लिहायला. भीती घालवायची तर अधिकार आणि मदत वेगळी करावी लागेल: भाषेच्या वर्गभेटीची नोंद शिक्षिकेच्याच वहीत राहावी, गोपनीय अहवालात तिचा उल्लेख नसावा, आणि भेटीला येणाऱ्याने अधूनमधून स्वतः खडू हाती घेऊन त्याच मुलांना शिकवून दाखवावं. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही परिपत्रकं वाचण्याऐवजी चार शिक्षकांनी एकाच मुलाची वही समोर ठेवावी आणि उद्या त्याला काय वाचायला द्यायचं, एवढंच ठरवावं. त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही.