दाखल्यावरचा टक्का
नेकनूरच्या एका ऊसतोड कामगाराचा दाखला मी पाहिला : ‘उजव्या हाताचे अपंगत्व ४० टक्के. हलके काम करण्यास योग्य.’ फडात हलके काम कोणते?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने विचारलेला टक्का वेगळाच. कमावण्याची शक्ती किती गेली, हा. अंगठा तुटला तर परिशिष्टातच ३० टक्के ठरलेले. परिशिष्टात नसलेल्या दुखापतीचा टक्का मात्र डॉक्टरने ठरवायचा, आणि त्यासाठी रोग्याचा धंदा विचारायला हवा. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराची हानी सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली शंभर टक्के धरली. सुतारकाम त्याला आता जमणार नव्हते.

इथे तर नवरा-बायको मिळून एक कोयता. त्याची मूठ वळेना, तेव्हा तिचेही काम थांबले. मुकादमाची उचल तशीच अंगावर आहे.