आधी जाळी, मग कोंबडी

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता आक्षी ओलांडून नागावात शिरला की दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या सुरू होतात. या वाड्यांना कोंबड्या नव्या नाहीत. दिवसभर पाचोळा उकरायचा आणि तिन्हीसांजेला पडवीतल्या डालग्याखाली जाऊन बसायचं, हा त्यांचा जुना क्रम. तो निभला, कारण त्याच पडवीत माणसं झोपायची आणि पायरीशी कुत्रा असायचा. आता बऱ्याच वाड्यांत पर्यटकांच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत. मालक कधी गावात, कधी मुंबईत. राखणारे कमी झाले, चोर मात्र तेवढेच राहिले. म्हणून आता खुराड्यालाच राखण करता आली पाहिजे.

असं एक खुराडं नागावात उभं राहताना पाहिलं. मालकीणबाई निवृत्तीनंतर वाडीत राहायला आलेल्या. कोंबड्या पहिल्यांदाच पाळणार होत्या, त्याही आठच. कामाला गावातलेच सुतार. त्यांनी मोजमापाआधी एकच विचारलं, "ताई, वाडीत येतं काय-काय?"

यादी लांबत गेली. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, उदमांजर रात्री माडावरून छपरावर उतरतं. घूस जमिनीखालून येते. सापाला अंडी आणि पिल्लं हवी असतात. वरून घार आणि शिक्रा, रस्त्यावरून भटकी कुत्री. यांतल्या मुंगसाला आणि उदमांजराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. फासे लावणं, विष घालणं हा गुन्हा. म्हणजे उपाय उरतो तो बांधकामातच.

पहिला प्रश्न जागेचा. माडाखाली खुराडं नको. नारळ किंवा वाळकी झावळी पडली तर पत्रा फुटतो. नागावच्या वाडीत डोक्यावर माड नसलेली जागा शोधणं सोपं नाही, त्यामुळे बराच वेळ सगळे माना वर करूनच फिरत होते. शेवटी विहिरीपलीकडचा उंचवटा ठरला. पावसाळी वारा समुद्राकडून येतो, म्हणून पश्चिमेची भिंत बंद ठेवली आणि जाळीची बाजू पूर्वेला. पत्र्याची वळचण दोन फूट बाहेर काढली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावर पत्रे उडालेले सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे पत्र्याला नुसते खिळे न मारता हुकाचे बोल्ट घातले आणि खांब काँक्रीटमध्ये बसवले.

मापं साधी होती. झोपायची खोली चार बाय सहा फूट, म्हणजे कोंबडीमागे तीन चौरस फूट. तिला लागून फिरायचं जाळीबंद अंगण आठ बाय बारा फूट, म्हणजे कोंबडीमागे बारा. जागा याहून फार आवळली की कोंबड्या एकमेकींना टोचतात, पिसं उपटतात.

खरा वाद झाला तो जाळीवर. दुकानात षटकोनी भोकांची कोंबडीजाळी स्वस्तात मिळते, आणि पहिल्यांदा पाळणारा तीच उचलतो. ती कोंबडीला आत ठेवते, चोराला बाहेर ठेवत नाही. तिची तार बारीक. कुत्रा ती दातांनी ओढून फाडतो, आणि मोठ्या भोकांतून साप सहज जातो. सुतारांनी अर्धा इंच भोकाची वेल्डेड जाळी मागवली. पैसे जास्त पडले, तेव्हा ताईंनी रंगाचा आणि शोभेच्या कौलांचा खर्च काढून टाकला. निर्णय योग्यच होता. खाऱ्या हवेत जाळी गंजते ती कापलेल्या टोकांपासून, म्हणून प्रत्येक कडेला गंजरोधक रंग लावला. जाळी फक्त यू-खिळ्यांवर न सोडता वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळली.

मग जमीन. नागावची माती वाळूमिश्रित, उकरायला लोण्यासारखी. खोलीला विटांचा जोता आणि कोबा केला, पण अंगणाची जमीन मातीचीच हवी. कोंबडीला उकरायला आणि मातीत लोळायला मिळालं नाही तर तिच्या अंगावर उवा-पिसवा वाढतात. तिथे जाळी भिंतीच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला वळवून दीड फूट आडवी पसरली, वर माती ओढली आणि दगड ठेवले. यामागचं गणित जनावराच्या सवयीचं आहे. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावूनच उकरायला लागतं. पायाखाली जाळी लागली की बाजूला सरकून पुन्हा भिंतीशीच येतं. दीड फूट मागे जाऊन सुरुवात करावी, हे त्याला सहसा सुचत नाही.

अंगणाच्या डोक्यावरही जाळीच टाकली. नायलॉनचं जाळं स्वस्त पडलं असतं, पण धामणीसारखे साप त्यात अडकून मरतात. दाराला कडी, आणि कडीत अडकवायला साखळीची खिटी. नुसती वर उचलून निघणारी कडी धक्क्याने सुटू शकते. काम संपल्यावर सुतारांनी प्रत्येक फटीवरून अंगठा फिरवला. "अंगठा शिरला तर उंदीर शिरेल, उंदरामागं साप," एवढं म्हणून त्यांनी दोन ठिकाणी पुन्हा पट्ट्या मारल्या.

आतली मांडणी कोंबडीच्या सोयीची. बसायला दोन इंच रुंदीची, कडा घासलेली एक दांडी. कोंबडीमागे आठ इंच धरले तरी सहा फुटांत आठही बसतात. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी, दांडीपेक्षा खाली. खोकी उंच असली तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात. खाली भाताच्या तुसाचा तीन-चार इंचांचा थर. पावसाळ्यात तूस ओलं झालं की अमोनियाचा वास सुटतो. तो उभ्या माणसाच्या नाकाला कळायच्या आधी कोंबडीच्या उंचीवर साचलेला असतो, म्हणून बसून वास घ्यायचा. छपराखाली जाळीचा झरोका हवाच, नाहीतर दमट हवा बाहेर पडत नाही. खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवायचं: उंदीर येत नाहीत आणि बुरशी धरत नाही. बुरशीच्या खाद्यातलं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. कॅल्शियमसाठी समुद्रावरचे शिंपले गोड्या पाण्यात धुऊन, कुटून देता येतात. नागावात ते फुकट मिळतात.

एवढं झाल्यावर कोंबड्या आल्या. दिवसाची पिल्लं न घेता दोन महिन्यांच्या, रानीखेत आणि देवीची लस झालेल्या तलंगा घेतल्या. पिल्लांना बल्बची ऊब आणि चोवीस तास लक्ष लागतं. पहिले काही दिवस तलंगांना खोलीतच ठेवलं, म्हणजे संध्याकाळी आपण होऊन परत यायची सवय लागते. कोंबडा आणला नाही. अंड्यासाठी त्याची गरज नसते, आणि पहाटेच्या आरवण्यावरून शेजारच्या पाहुण्यांशी वादही होत नाही. पुढे नवी कोंबडी आणली तर रोग पसरू नये म्हणून तिला दोन आठवडे वेगळं ठेवायचं. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. आठ कोंबड्यांच्या घरालाही हा नियम सुटत नाही.

कोंबड्या पाळायचं मनात आलं की माणूस आधी बाजारात जाऊन कोंबड्या घेऊन येतो आणि मग खोक्यात, टोपलीत त्यांची सोय लावतो. चोराला तेवढी एक रात्र पुरते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी जागा, मग जाळी, मग कडी. रिकाम्या खुराड्याभोवती दोन-चार रात्री बॅटरी घेऊन फिरा, सकाळी मातीतले ठसे पाहा, कुठे उकरलंय ते बघून तिथे दगड टाका. कोंबड्या सगळ्यात शेवटी आणा.