प्रतिकृतींचें दुकान आणि ७२ चें गणित

इंग्लंडमधील एअरफिक्स कंपनीनें १९५२ सालीं ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाच्या प्रतिकृतीचे प्लॅस्टिकचे सुटे भाग पिशवींत घालून वुलवर्थच्या दुकानांतून २ शिलिंगांस विकावयास ठेविले. पुढें स्पिटफायर विमान आलें. त्याचें प्रमाण १ : ७२. ६ फूट म्हणजे ७२ इंच. तेव्हां सहा फुटी वैमानिक या प्रमाणांत बरोबर १ इंचाचा होतो. शाळेंतलें त्रैराशिक असें बोटांत उतरे. भाग सांधणारें द्रव्य प्लॅस्टिकच विरघळवितें. फाजील थेंब पडला कीं डाग कायमचा. अशा वेळीं गांवांतला प्रतिकृतींचा दुकानदारच मुलाचा गुरु होई. ब्रिटनमधील वुलवर्थचीं दुकानें जानेवारी २००९ मध्यें बंद झालीं. गांवांतलीं लहान दुकानेंहि विरळ झालीं. सामान आतां टपालानें घरीं येतें. परंतु चुकलेला सांधा मुलानें दाखवावा कोणास?